पोडियमसाठी १/१० आरसी कार घेऊ नका, १/१६ किंवा १/१८ बघा

घोडबंदरकर:
पहिली आरसी (रिमोटवर चालणारी) कार कोणती, असं कुणी विचारलं की सगळे डोळे मिटून १/१०, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची, सांगतात. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत हा सल्ला अंगाशी येतो. पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या सामायिक गच्चीवर) सलग मोकळी जागा मिळते ती फार तर ३०-४० मीटर. ताशी ६० किमीला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते, म्हणजे अडीच सेकंदांत समोर कठडा. १/१८ ची बग्गी (ऑफ-रोड गाडी) साधारण अर्धा किलोची, १/१० ची दोन-अडीच किलोची. वजन चौपट आणि वेग दुप्पट धरला तर धडक सोळापट. तिथेच पोरंटोरं खेळत असतात, आजी-आजोबा फेऱ्या मारत असतात.

बेलापूर बॅशर:
साफ असहमत. वेगाचं भय असेल तर रिमोटवर थ्रॉटलची (वेगाच्या खटक्याची) मर्यादा ५० टक्क्यांवर आणा, नाहीतर ३एस (तीन सेलच्या) ऐवजी २एस (दोन सेलची) बॅटरी लावा. लहान गाडीची खरी रड सुट्या भागांची. स्वस्त १/१८ मध्ये बरेचदा ५ तारांचा सर्वो (चाकं वळवणारी मोटर) असतो आणि रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा) व ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा) एकाच सर्किटच्या पाटीवर. सर्वो जळला की बाजारातला ३ तारांचा बसत नाही, मग पाटीसकट सगळं बदला. १/१० मध्ये सर्वो स्टँडर्ड मापाचा, चाकाचा हेक्स (षटकोनी बसवणी) १२ मिमी, बॅटरीचा कनेक्टर टी-प्लग किंवा एक्सटी६०. यातलं बरंच मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एका फेरीत मिळतं.

पारसिकचा उतार:
दोघेही आकड्याला धरून बसलात. १/१० हा आकडा गाडी केवढी ते धड सांगतच नाही. १/१० टुरिंग कारची (गुळगुळीत रस्त्यावरच्या रेसिंग गाडीची) रुंदी १९० मिमी, तर १/१० शॉर्ट कोर्स ट्रकची (मातीवरच्या रेसिंग ट्रकची) ३०० मिमीच्या आसपास. टुरिंगचं पोट जमिनीपासून जेमतेम ५-६ मिमी वर, त्यामुळे उचललेल्या पेव्हर ब्लॉकच्या कडेला ती खरवडते. तिथूनच १/१८ बग्गी आरामात जाते. खोक्यावरचा स्केल सोडा. चाकाचा व्यास, पोटाखालची जागा आणि वजन विचारा.

घोडबंदरकर:
सर्वोचा मुद्दा मान्य. पण थ्रॉटल अर्ध्यावर आणल्याने वजन अर्धं होत नाही हो! त्याच वेगालाही धडक चौपटच राहते. आणि सिग्नल तुटला तर? फेलसेफ (सिग्नल गेल्यावर गाडीने काय करायचं ती सेटिंग) न्यूट्रलला असेल तर गाडी घरंगळत जाते, ब्रेकवर सेट केलेला हवा. चाकं अधांतरी धरून थोडा थ्रॉटल द्या, रिमोट बंद करा, चाकं थांबतात का बघा. हे न करता पोडियमवर कुठलीच गाडी उतरवू नये.

बेलापूर बॅशर:
फेलसेफबद्दल शंभर टक्के बरोबर. तरी नवी मुंबईत खारघरच्या मुरुमावर, गवतावर १/१८ नेऊन बघा. लहान चाक गवतात गुंडाळलं जातं, मोटरवर भार येतो आणि ती तापते. तिथे १/१० लाच मजा, तीही पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) एक-दोन दातांनी लहान करून. पाच मिनिटं चालवून मोटरला बोट लावा; तीन सेकंद ठेववत नसेल तर गिअरिंग जड आहे. पिनियन बदलल्यावर स्परशी (त्याला जोडलेल्या मोठ्या दातेरी चाकाशी) मेश, म्हणजे दातांची जुळणी, पुन्हा लावायची: मध्ये कागदाची पट्टी घालून घट्ट करा, मग पट्टी फिरवून काढा. फार घट्ट ठेवलीत तर मोटर तापते, सैल ठेवलीत तर स्परचे दात उडतात.

पारसिकचा उतार:
खारघरला जागा आहे म्हणून तिथे १/१०, पोडियमला १/१८. मग भांडण कसलं? (ठाण्याचं येऊरचं जंगल मात्र राष्ट्रीय उद्यानात येतं, तिकडे गाड्या नेऊ नका.) पावसाळ्यात जिन्यात, गॅलरीत चालवायची असेल तर १/२४ क्रॉलर (सावकाश अडथळे चढणारी गाडी). विटा, चपला, कुंड्या मांडल्या की झाला डोंगर. वेग नाहीच, त्यामुळे लागायची भीती जवळजवळ संपली.

बेलापूर बॅशर:
क्रॉलर चालेल. पण ‘वॉटरप्रूफ’ वाचून कुणी पाण्यात घालू नका. ते बहुधा ईएससी-सर्वोपुरतं असतं, बेअरिंग गंजतातच. भिजली तर चाकं काढा, बेअरिंग पुसून तेलाचा एकेक थेंब द्या. लायपो बॅटरी बाहेर काढून सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा.