हॉट टेंटसाठी लाकडी स्टोव्ह: टायटॅनियमवर पैसे घालायचे का?

मिनियापोलिसची_मावशी
स्पष्टच लिहिते, राग आला तर येऊ दे. यंदा हिवाळ्यात बाउंडरी वॉटर्सला, म्हणजे उत्तर मिनेसोटातल्या तळ्यांच्या जंगलात, जायचं म्हणून आपल्यातले बरेच जण हॉट टेंट बघतायत, म्हणजे ज्याच्या आत लाकडाचा छोटा स्टोव्ह पेटवता येतो आणि पाइप छताला शिवलेल्या स्टोव्ह जॅकमधून बाहेर निघतो तो तंबू. आणि जो तो फक्त वजनाचा आकडा बघून स्टोव्ह ठरवतोय. याला सव्वा किलोचा सापडला, त्याला एक किलोचा, एकाला तर त्याहून हलका. अहो पण त्याचं पोट केवढं आहे ते बघा ना! लहान स्टोव्ह म्हणजे लाकडं वीतभर कापा, अंगठ्याएवढी चिरा, आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी दार उघडून घालत बसा. पत्रा इतका पातळ की तो उष्णता धरूनच ठेवत नाही, विस्तव गेला की थोड्या वेळात आत-बाहेर सारखंच.

माझं मत असं की सगळं पाठीवर घेऊन चालणार असाल तरच टायटॅनियम, आणि तोही दिसायला बरा वाटतो त्याहून एक साइज मोठा. गोठलेल्या तळ्यांवरून स्लेड (सामान लादायची बर्फावरची घसरगाडी) ओढत जाणार असाल, आणि तिथे बहुतेक जण तसेच जातात, तर गुमान स्टेनलेस स्टीलचा घ्या. उरलेल्या पैशात धड करवत येईल.

हलका_फुलका
मावशी, तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतोय. टायटॅनियमची घनता साधारण ४.५, स्टेनलेसची ८ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच जाडीच्या पत्र्याचा तेवढाच स्टोव्ह जवळपास निम्म्या वजनात. मोठं पोट हवं ना? मग ते पाठीवर परवडतं कशामुळे, टायटॅनियममुळेच. हलका म्हणजे लहानच असं कुणी सांगितलं? आणि उष्णता धरून ठेवत नाही म्हणता, पण एवढ्या पातळ पत्र्यात स्टील तरी काय धरणार आहे. उष्णता धरायला बिडाची शेगडी लागते, ती न्या मग डोक्यावर.

स्लेडचं म्हणाल तर तळ्यावर झकास. पण सुपीरियर हायकिंग ट्रेलसारख्या चढउताराच्या वाटेवर ओढून बघा, चढाला मागे खेचते, उताराला पायात येते आणि आडव्या उतारावर कलंडते ती कलंडतेच. स्नोशू (बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) घालून पाठीवर ओझं हाच मार्ग तिथे.

टोरांटोकर
धातूवर भांडताय पण पाइपबद्दल कुणीच बोलत नाहीये. या हलक्या स्टोव्हचा पाइप म्हणजे टायटॅनियमचा कागद, चपट्या पट्टीसारखा आणलेला, जागेवर लांबीकडून गुंडाळून नळी करायची आणि वर रिंगा चढवायच्या. घरात हॉलमध्ये मस्त जमतं. इथल्या अल्गॉनक्विन पार्कमध्ये उणे २५ ला, वारा सुटलेला, ग्लोव्ह्ज काढले तर बोटं बधिर आणि नाही काढले तर रिंग हातात येत नाही, त्यात कडा ब्लेडसारख्या धारदार. एकदा चांगला तापला की पाइप तो आकार लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी सोपं जातं हे खरं, म्हणून पहिला जाळ घरच्या अंगणातच करायचा, तेलकट वासही तिथेच निघून जातो. पण तरी एकात एक बसणारे स्टीलचे तुकडे ते तुकडे, दोन मिनिटांत धुराडं उभं.

दुसरं म्हणजे इथले क्री आणि इनू हे मूळनिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या कॅनव्हासचा तंबू, खाली स्प्रूसच्या डहाळ्यांचं अंथरूण आणि साधा पत्र्याचा स्टोव्ह टोबॉगनवर (लाकडी घसरगाडीवर) घालून हिवाळा काढत आलेत. ग्रॅमचं वेड हे आपल्या शनिवार-रविवारवाल्यांचं.

हलका_फुलका
@टोरांटोकर कॅनव्हास पाठीवर नेऊन दाखवा मग बोलू 😄

टोरांटोकर
नेणारच नाही मी पाठीवर, तोच तर मुद्दा आहे. आणि तुमच्या सिलनायलॉनवर (सिलिकॉन चढवलेल्या पातळ नायलॉनच्या तंबूवर) एक ठिणगी पडली की भोक. पाइपच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी जाळी, स्पार्क अरेस्टर, लावला तरी वाऱ्याच्या रात्री सकाळी छताला चांदण्या दिसतात. सुती कापड श्वास घेतं, आत दव धरत नाही तेवढं. तुमच्याकडे स्टोव्ह विझला की छतावरचं सगळं गोठतं आणि कुणी कूस बदलली की तोंडावर बर्फाचा भुगा.

थंड_डोकं
मला कळत नाही, स्टोव्ह हवाच कशाला? हिशोब मांडा. स्टोव्ह आणि पाइप सव्वा-दीड किलो, करवत, छोटी कुऱ्हाड, जॅकवाला मोठा तंबू. तेवढ्या वजनात उणे ३० ची डाउनची (पिसांची) स्लीपिंग बॅग आणि जाड मॅट येते, जी रात्रभर ऊब देते आणि तिच्यात दर अर्ध्या तासाला लाकूड घालावं लागत नाही. मावशी स्वतःच म्हणतायत की स्टोव्ह विझला की गार. मग झोपताना बॅग लागणारच ना भारीतली? म्हणजे दोन्ही वाहायचं! वर लाकडं गोळा करण्यात, कापण्यात रोजचा तास-दीड तास, तेही बाउंडरी वॉटर्समध्ये जिवंत झाड तोडायचं नाही, मेलेलं, जमिनीवर पडलेलं लाकूड शोधायचं, जे हिवाळ्यात कंबरभर बर्फाखाली असतं.

मिनियापोलिसची_मावशी
@थंड_डोकं बॅग लागतेच, त्यावर वादच नाही. स्टोव्हच्या भरवशावर पातळ बॅग घेऊन जाणाऱ्याला मी तरी सोबत नेणार नाही. याच भागात टॉवर नावाच्या गावात २ फेब्रुवारी १९९६ ला उणे ६० फॅरनहाइट नोंदलं गेलंय, म्हणजे उणे ५१ सेल्सियस, राज्याचा विक्रम. स्टोव्ह बिघडला तरी जिवंत राहता आलं पाहिजे.

पण स्टोव्ह झोपण्यासाठी नसतोच मुळी. डिसेंबरात तिथल्या ईली गावाला उजेड साडेआठ तासही धड नसतो. सव्वाचारला सूर्य बुडाला की पुढचे पंधरा-सोळा तास काय करणार, पाच वाजता बॅगेत शिरून छताकडे बघत पडणार? आणि ओलावा! दिवसभराचा घाम मोज्यांत, बुटांच्या लाइनरमध्ये, रात्रीची वाफ बॅगेच्या डाउनमध्ये जाऊन गोठते. एक रात्र चालतं. तिसऱ्या-चौथ्या रात्री तीच उणे ३० वाली बॅग जड आणि चपटी झालेली असते. स्टोव्हवर रोज संध्याकाळी सगळं वाळतं, त्यासाठी स्टोव्ह.

थंड_डोकं
व्हेपर बॅरियर लायनर, म्हणजे वाफ न झिरपणारं आतलं अस्तर, घाला बॅगेत, दोनशे ग्रॅमपेक्षाही कमी. वाफ डाउनपर्यंत पोचतच नाही.

मिनियापोलिसची_मावशी
घातलाय. रात्रभर स्वतःच्याच घामात शिजायचं. तुम्हाला लखलाभ.

करवंद
सगळे ऊब आणि ग्रॅमवर बोलतायत म्हणून मध्ये पडते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आणि रात्रभर टिकावा म्हणून डॅम्पर (पाइपमधली हवा कमी-जास्त करायची झडप) आवळून स्टोव्ह धुमसत ठेवायचा प्रकार आहे ना, त्यातच तो सगळ्यात जास्त तयार होतो, शिवाय पाइपमध्ये डांबर साचतं ते वेगळंच. लहान, खणखणीत जाळ ठेवा आणि झोपायच्या आधी विझू द्या. तंबूची खालची आणि वरची हवेची वाट उघडी हवी, बर्फ पडून खालची कधी बुजते कळतही नाही. अलार्म घेताना एक बघा, घरगुती अलार्म बरेचसे ४ अंश सेल्सियसच्या वरच चालतील असं त्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं. थंडीत चालणारा शोधून घ्या, नाहीतर नुसता लटकवून मनाचं समाधान.

सह्याद्रीतला_बेडूक
मी पुण्याहून वाचतोय. आमचा जानेवारीत उत्तराखंडात ट्रेक आहे, हा टायटॅनियमवाला प्रकार तिकडे न्यावा का? ग्रुपमध्ये एक जण अमेरिकेहून मागवतोय.

थंड_डोकं
@सह्याद्रीतला_बेडूक नका नेऊ. झाडरेषेच्या वर गेलात की जाळायला काहीच नाही, आणि खालच्या जंगलातलं लाकूड गावातल्या लोकांना हिवाळाभर पुरवायचं असतं. बऱ्याच ठिकाणी वनखातं आग पेटवूच देत नाही. पेट्रोलवर चालणारा लिक्विड फ्युएल स्टोव्ह न्या स्वयंपाकाला. साधा गॅस कॅनिस्टर घेणार असाल तर ब्युटेनचं प्रमाण बघा, ते शून्याच्या जरा खाली गेलं की वायू व्हायचंच थांबतं, आयसोब्युटेन उणे ११-१२ पर्यंत टिकतं.

टोरांटोकर
हे पटलं. जिथे स्प्रूस, टॅमरॅक, बर्चचं मेलेलं लाकूड मुबलक आहे तिथलाच हा खेळ. आणि आपल्याकडेही घरून सरपण भरून नेऊ नका हां, एमराल्ड ॲश बोरर नावाचा किडा त्यातूनच पसरतो आणि ॲशची झाडं फस्त करतो, जिथे जाळायचं तिथलंच घ्यायचं.

हलका_फुलका
विषय भरकटला. माझं म्हणणं तेच, पाठीवर नेणार असाल तर टायटॅनियमला पर्याय नाही.

मिनियापोलिसची_मावशी
आणि मीही पहिल्या पोस्टमध्ये तेच लिहिलंय की, नीट वाच जरा. फरक एवढाच की तू महिन्यातून एकदा पाठीवर नेतोस, धाग्यावरचे बाकी सगळे स्लेडवाले तुझं वाचून चारशे डॉलर घालवतायत.

नवखा_ईगन
मी सकाळपासून वाचतोय आणि शेवटी सुवर्णमध्य काढला. स्टीलचा मध्यम स्टोव्ह ऑर्डर केला आणि पाइप तेवढा टायटॅनियमचा गुंडाळायचा, दुसऱ्या कंपनीचा, सेलवर होता.

टोरांटोकर
दोन्हींचा व्यास जुळतोय का बघितलं का भाऊ? काहींचा अडीच इंची असतो, काहींचा साडेतीन.

नवखा_ईगन
थांबा बघतो.

नवखा_ईगन
पाइपवाल्याला मेल टाकलाय, अजून पाठवला नसेल तर बदलून देतील बहुतेक.