मदत हवी आहे: जुन्या सिगारेट कार्डांच्या अदलाबदलीसाठी नियम कसे असावेत?

जुना_पत्ता
नमस्कार मंडळी. महाराष्ट्रात आणि इंग्लंडात राहणाऱ्या काही मराठी संग्राहकांचा एक छोटा गट टपालाने कार्डांची अदलाबदल करतो. मुख्य भर ब्रिटिश सिगारेट कार्डांवर (सिगारेटच्या पाकिटात मिळायची ती चित्रकार्डं; विल्स आणि प्लेअर्स या सिगारेट कंपन्या): विल्सचा १८९६ चा 'क्रिकेटर्स' आणि प्लेअर्सचे १९३०, १९३४, १९३८ चे, सगळे ५० कार्डांचे संच. काहींकडे अमेरिकी बेसबॉलही आहे: टी२०६ (सिगारेटबरोबर मिळणारा एक जुना संच), १९३३ चं गाउडी, १९५२ चं टॉप्स (या दोन्ही च्युइंगमवाल्या कंपन्या).

कटकट नेहमी एकाच जागी होते. पाठवणारा 'स्थिती उत्तम' लिहितो आणि घेणाऱ्याच्या हातात कडा कापलेलं किंवा मागून सोललेलं कार्ड पडतं. सगळ्यांना बंधनकारक अशी एक पानी नियमावली करायची आहे. जाणकारांनी कृपया सांगावं:

१. कार्ड कापलेलं आहे का ते ओळखायला मोजमाप कसं घ्यावं? व्हर्निअर चालेल?
२. पुनर्मुद्रण घरच्या घरी कसं ओळखावं?
३. धुतलेलं, दाबलेलं, रंग भरलेलं कार्ड गटात चालवून घ्यावं का?
४. ठरावीक किमतीच्या वर ग्रेडिंग (कंपनीकडून कार्ड तपासून, स्थितीचा १ ते १० आकडा घेऊन कडक खोक्यात बंद करून घेणं) सक्तीचं करावं का?
५. पावसाळ्यात जपणूक. हा प्रश्न इंग्लंडवाल्यांना पडत नाही, आम्हाला पडतो.

कडेलोट
पहिल्याचं उत्तर देतो. व्हर्निअर नको. शंभर वर्षांचा पुठ्ठा जबड्यात धरला की कडेला खाच पडते, शिवाय प्रत्येक जण वेगळा दाब देतो. सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयला (इंचाला ६०० पिक्सेल) स्कॅन करा. त्या रिझोल्यूशनला १ मिमी म्हणजे २३.६ पिक्सेल, त्यामुळे पिक्सेल मोजून २३.६ ने भागलं की झालं. शेजारी पोलादी पट्टी ठेवाच, एकदा आडवी आणि एकदा उभी. बऱ्याच घरगुती स्कॅनरांत दिवा ज्या दिशेने सरकतो त्या दिशेचं माप किंचित चुकतं, ते पट्टीवरून कळतं. ऑटो कलर आणि शार्पनिंग दोन्ही बंद. कार्ड कडक खोक्यात बंद असेल तर पातळ सीआयएस स्कॅनरवर ते पुसट येतं, त्यासाठी काचेपासून थोडं दूरचंही स्पष्ट टिपणारा सीसीडी स्कॅनर लागतो.

नेहमीच्या मापांचं सिगारेट कार्ड साधारण ३६ × ६७ मिमी, टी२०६ चं ३६.५ × ६६.७, १९५२ च्या टॉप्सचं ६६.७ × ९५.२५ आणि १९५७ पासूनच्या टॉप्सचं ६३.५ × ८८.९. पण 'अर्धा मिमी कमी म्हणजे कापलेलं' असा नियम करू नका, निम्मी खरी कार्डं बाद होतील. कारखान्यातली कापणीही तिरकी असायची. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा, त्याच संचातल्या दुसऱ्या दोन-तीन कार्डांशी ताडून पाहा, आणि मग भिंगातून कड बघा. तीन कडा मळक्या, तंतू बसलेले, आणि चौथी पांढरी, धारदार, कोपरे सुईसारखे, असं असेल तर संशय घ्यायचा. माप कमी आणि कड ताजी, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच.

याची उलट लबाडीही असते. स्क्रू आवळायच्या जुन्या ॲक्रिलिक खोक्यात वर्षानुवर्षं दाबलेलं कार्ड पातळ होऊन पसरतं. ते मापात मोठं भरतं आणि कापलेली कड लपून जाते. म्हणून जाडीकडेही लक्ष हवं. त्याच संचातलं कार्ड शेजारी काचेवर ठेवून आडव्या उजेडात बघितलं तरी फरक दिसतो.

भिंगरी
दुसऱ्या प्रश्नासाठी १० पटीचं भिंग आणि ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च, एवढं पुरे. ३९५ चा स्वस्त जांभळा टॉर्च घेऊ नका, त्याचा स्वतःचाच उजेड इतका पडतो की कागदाची चमक कळत नाही.

आधी अक्षरं बघा, चित्र नंतर. मुळातल्या छपाईत मागच्या मजकुराची काळी-निळी अक्षरं सलग शाईची असतात. मूळ कार्ड स्कॅन करून छापलेल्या नकलेत तीच अक्षरं बारीक ठिपक्यांची बनलेली दिसतात आणि कडा विरलेल्या असतात. चित्रात चार रंगांच्या ठिपक्यांची नियमित फुलं दिसली तर १८९६ चं विल्स किंवा टी२०६ म्हणून ते घेऊ नका. त्या काळच्या लिथोग्राफीत (शिळाछपाईत) ठिपके असतात, पण अनियमित, एकेका रंगाचे सपाट थर एकमेकांवर चढवलेले. १९३० च्या दशकातल्या कार्डांना मात्र ठिपक्यांची कसोटी सरसकट लावू नका, तिथे अक्षरांवरच भिस्त ठेवा.

मग यूव्ही. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चमकद्रव्यं दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. त्यामुळे १९४० च्या आधीचं कार्ड अंधारात निळं-पांढरं झळाळलं तर ते नवं. कार्ड पाकिटातून बाहेर काढून बघा, काही प्लास्टिकही झळाळतं. शर्टावर ठेवून बघू नका, कपडे धुण्याच्या पावडरीतही तेच द्रव्य असतं. आणि झळाळलं नाही म्हणजे खरं, असा अर्थ काढू नका. चमकद्रव्य नसलेल्या कागदावरही नक्कल छापता येते.

रीतसर काढलेल्या पुनर्मुद्रणांवर बहुधा मागे बारीक अक्षरांत तसं छापलेलं असतं. ती ओळ खरवडलेली असू शकते, तेव्हा मागच्या बाजूच्या तळाशी तिरपा उजेड टाका. खरवडलेली जागा मऊ, केसाळ दिसते.

टीपकागद
तिसरा प्रश्न सगळ्यात वादाचा, म्हणून स्पष्ट लिहितो. काय केलं यापेक्षा सांगितलं का, यावर नियम बांधा. गटाच्या फॉर्मवर पाच रकाने ठेवा: पाण्यातून काढलेलं, दाबलेलं, खोडलेलं, रंग भरलेलं, कापलेलं. प्रत्येकापुढे 'हो', 'नाही' किंवा 'माहीत नाही'. 'माहीत नाही' हे प्रामाणिक उत्तर धरा, नाहीतर लोक डोळे मिटून 'नाही' लिहितील.

रंग भरलेलं आणि कापलेलं कार्ड मी अदलाबदलीत घेऊच देणार नाही, फक्त संचातली जागा भरायला म्हणून वेगळ्या यादीत. रंग ओळखायला १९७१ चं टॉप्स उत्तम नमुना आहे. त्याची किनार काळी, झिजली की आतला पांढरा पुठ्ठा दिसतो आणि म्हणून मार्कर फिरवण्याचा मोह होतो. कार्ड उभं धरून कडेच्या जाडीकडे बघा. मूळ शाई फक्त वरच्या पृष्ठावर असते, मार्करची शाई कडेच्या तंतूंत उतरलेली दिसते.

पाण्यातून काढणं मला मान्य आहे. १९३० च्या दशकातली बरीच ब्रिटिश कार्डं अल्बममध्ये चिकटवण्यासाठीच होती, ती सोडवायला पाणीच लागतं. पद्धत: डिस्टिल्ड वॉटर, खोलीच्या तापमानाचं. अल्बमचं पान कार्डाभोवती कापून तो तुकडा पाण्यात सोडायचा आणि कार्ड आपोआप सुटेपर्यंत थांबायचं. अर्ध्या तासात सुटलं तर ठीक, नाहीतर चार तासही लागतात. ओढलं की मागचा मजकूर पानावर राहतो, आणि बहुतेक कार्डांचं असंच वाटोळं होतं. सुटल्यावर मागचा गोंद मऊ कुंचल्याने पाण्यातच काढायचा, पाणी एकदा बदलायचं. मग दोन टीपकागदांत ठेवून वर थोडं वजन. पहिले टीपकागद अर्ध्या तासात बदला, पुढचे दिवसातून दोनदा, असे तीन दिवस. घाईने काढलं तर कार्ड कमान होतं. चकचकीत फोटोकार्डं आणि रेशमी कापडावरची कार्डं पाण्यात अजिबात नकोत. फोटोचा जिलेटिनचा थर फुगतो.

तिरकी_नजर
टीपकागद, इथे मी असहमत. पाण्याने गोंद जातो तसा डागही जातो, मळही जातो. 'फक्त अल्बममधून सोडवलं' या सबबीखाली दोन ग्रेड वर ढकललेली कार्डं फिरतात. निदान सोडवण्याआधीचा दोन्ही बाजूंचा स्कॅन द्यायला लावा.

टीपकागद
मान्य. आधीचा स्कॅन असेल तर 'सोडवलेलं', नसेल तर 'धुतलेलं'. दोन वेगळे शब्द ठेवा. दाबून घडी बसवलेल्या कार्डाला मात्र काहीच सवलत नको. कागदातला तंतू तुटलेलाच असतो. कोरड्या हवेत सपाट दिसतं आणि दमट हवेत ती रेघ परत वर येते. टपालाने मुंबईला पोचेपर्यंत वर आलेली असते.

तिरकी_नजर
चौथा प्रश्न. ग्रेडिंग सक्तीचं करू नका. १ ते १० चा आकडा कार्डाचं वर्णन करत नाही. टाचणीचं एक भोक असलेलं, एरवी देखणं कार्ड १ वर येऊ शकतं आणि चुरगळून चिंधी झालेलंही १ वरच. शिवाय आकड्यामागची कारणं लेबलवर नसतात.

नामांकित उदाहरण टी२०६ मधल्या होनस वॅगनर या बेसबॉलपटूच्या कार्डाचं. पीएसए या ग्रेडिंग कंपनीने १९९१ साली ग्रेड केलेलं पहिलंच कार्ड ते, आणि ग्रेड ८. पुढे २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने फेडरल कोर्टात कबूल केलं की त्याने त्या कार्डाच्या कडा कापल्या होत्या. म्हणजे या छंदातलं सगळ्यात गाजलेलं कार्ड कापलेलं, आणि त्यावर आकडा ८. आता दुसरं मत घ्यायला जागाही कमी उरल्या आहेत: पीएसएच्या मालक कंपनीने २०२४ मध्ये एसजीसी ही दुसरी ग्रेडिंग कंपनीही विकत घेतली.

किती कार्डं कोणत्या ग्रेडची, याची जी आकडेवारी या कंपन्या देतात तिचंही असंच. जास्त ग्रेडच्या आशेने लोक खोकं फोडून तेच कार्ड पुन्हा पाठवतात. जुनं लेबल परत केलं नाही तर एका कार्डाची दोनदा मोजदाद होते. तुमच्या गटात कोणी खोकं फोडलंच तर लेबल कंपनीला परत पाठवावं, हा नियम मात्र जरूर घाला. फुकटात होणारी सुधारणा आहे.

भारतातून ग्रेडिंगला पाठवणाऱ्यांसाठी एक इशारा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू येतात आणि त्या परदेशी पाठवण्यावर बंधनं आहेत. १८९६ चं विल्स पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला लागतो का, ते विचारून घ्या. पाकीट कस्टम्समध्ये अडकल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

ओलं_कोकण
पाचव्याचं बघा. प्लेअर्सच्या १९३८ च्या संचाला मागे गोंद लावलेला आहे. पेनीला मिळणाऱ्या अल्बममध्ये ओलं करून चिकटवायची सोय होती ती. इंग्लंडात लोक एका कप्प्यात दोन कार्डं पाठीला पाठ लावून ठेवतात. हाच अल्बम रत्नागिरीत जुलैभर ठेवला की दोन्हींचं एक कार्ड होतं. नियम सोपा: एका कप्प्यात एकच कार्ड, अल्बम उभा ठेवायचा, आडवा रचायचा नाही. चिकटलेलीच असतील तर सुरी घालू नका, वर टीपकागद यांनी दिलेली पाण्याची पद्धत वापरा आणि फॉर्मवर 'मूळ गोंद गेलेला' लिहा.

पाकिटं पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची घ्या. मऊ, नव्या रेक्झिनसारखा वास मारणारी पीव्हीसीची पानं फेकून द्या, त्यातला तेलकटपणा कार्डावर उतरतो. डांबराच्या गोळ्याही नकोत. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात आणि वास कागदातून वर्षभर जात नाही.

आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवायची. कपाटात ते जमत नाही, रबरी कडेच्या हवाबंद डब्यात जमतं. ५ लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम सिलिका जेलने सुरुवात करा, नारिंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास. आत छोटा आर्द्रतामापक हवाच, पण आधी तो तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, झाकण आणि मापक एका बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दाखवायला हवं. ८० दाखवलं तर पुढे दर वेळी ५ वजा करा. जेल जास्त झालं आणि ३५ च्या खाली गेलं तर कार्डं वाकतात, म्हणून 'जितकं जास्त तितकं बरं' असं नाही.

आणि डबा भरायचा तो मे महिन्यात. जूनमध्ये ओलसर झालेली कार्डं डब्यात बंद केली तर ओल आतच राहते.

जुना_पत्ता
सर्वांचे मनापासून आभार. फॉर्म असा करतोय: दोन्ही बाजूंचा ६०० डीपीआय स्कॅन पट्टीसह, रुंदीची तीन मापं, यूव्हीत झळाळतं की नाही, टीपकागद यांचे पाच रकाने ('सोडवलेलं' आणि 'धुतलेलं' वेगळे), मूळ गोंद आहे की गेला. ग्रेडिंग ऐच्छिक. दोन शंका राहिल्या. भाव कशावरून धरायचा? आणि टपालात कोपरा मोडला तर जबाबदारी कोणाची?

तिरकी_नजर
कॅटलॉगचा भाव हा दुकानदाराचा मागणीभाव असतो, तोही चांगल्या स्थितीतल्या कार्डाचा. अदलाबदलीला तो दोन्ही बाजूंनी सारखाच फुगलेला असला तर बिघडत नाही, पण एक बाजू विल्स आणि दुसरी टॉप्स असेल तर गणित चुकतं. तिथे फक्त प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती धरा, निदान तीन, आणि सगळ्यात वरची सोडून द्या. लिलावात आपल्याच माणसाकडून बोली चढवून घेण्याचे प्रकार होतात, त्याचा परिणाम बहुधा त्या वरच्याच आकड्यात असतो.

कडेलोट
जबाबदारी पाठवणाऱ्याची, पण बांधणी नियमाप्रमाणे केली असेल तर नुकसान निम्मं-निम्मं. बांधणी अशी: मऊ पाकीट, मग टॉपलोडर (वरून उघडं, कडक प्लास्टिकचं पाकीट). टॉपलोडरचं तोंड निळ्या मास्किंग टेपने बंद करायचं, टेपचं टोक दुमडून. साधी चिकटपट्टी लावली तर काढताना हिसका बसतो आणि कार्ड बाहेर उडतं. टॉपलोडर नालीदार पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत, एकाच्या नाल्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे दोन्ही दिशांना वाकत नाही. पुठ्ठे सगळ्या बाजूंनी दोन सेंटीमीटर मोठे. जून ते सप्टेंबर सगळं झिपच्या पिशवीत. सिगारेट कार्ड साध्या टॉपलोडरमध्ये खुळखुळतं, त्याला लहान मापाचा घ्या, किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पट्टीने उरलेली जागा भरा. रबरबँड कुठेही नको.