‘जुनी’, ‘जून’ की ‘मुरलेली’? वाइनच्या वयाचे शब्द

प्रश्न : भाच्याच्या लग्नात भेट देण्यासाठी वाइन घ्यायला इंदुरातील एका दुकानात गेलो असता, ‘जितनी पुरानी, उतनी अच्छी’ असे सांगून विक्रेत्याने मला चार वर्षांपूर्वीची स्वस्तातली पांढरी वाइन दाखवली. काही वाइन ठेवल्याने सुधारतात, त्या गुणाला मराठीत काय म्हणावे? एका अनुवादात ‘वार्धक्यक्षमता’ असा शब्द वाचला, तो काही पचनी पडला नाही.

उत्तर : वार्धक्य माणसाला येते; पदार्थ मुरतो. मात्र ‘मुरणे’ या क्रियापदात सुधारणा गृहीत धरलेली असते, आणि जगातील बहुतेक वाइन तर बाजारात आल्यापासून थोड्याच वर्षांत पिण्यासाठी केलेली असते. आपल्याला दाखवलेली बाटली बहुधा त्याच जातीची असावी. अशी वाइन ठेवली तर मुरत नाही, भेंडीसारखी जून होते. जुना तांदूळ आपण मुद्दाम मागून घेतो आणि जून भेंडी टाकून देतो. मराठीने एका काना-मात्रेच्या अंतरावर ठेवलेला हा भेद विक्रेत्याच्या ‘पुरानी’त मावत नाही.

टिकणाऱ्या वाइनला मी ‘साठवणीची’ म्हणेन. कैरीचा तक्कू दोन दिवसांत संपवायचा असतो, साठवणीचे लोणचे वर्षभर चालते, कारण त्यात मीठ आणि तेल यांचा बंदोबस्त असतो. वाइनमध्ये ते काम द्राक्षाच्या साली-बियांतून उतरणारा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, त्याचबरोबर आंबटपणा आणि काही प्रकारांत साखर करते. द्राक्षाच्या जातीवरून मात्र निर्णय होत नाही: फ्रान्समधील व्हूव्रे गावच्या उत्तम शेनिन ब्लांक वाइन अनेक दशके टिकतात, तर नाशिककडची त्याच द्राक्षाची नेहमीची वाइन ताजीच चांगली लागते. किंमतही फसवते. स्वस्त वाइन सहसा साठवणीची नसते हे खरे, पण महाग असली की साठवणीची असतेच असे नाही. फ्रान्सच्याच ऱ्होन खोऱ्यातील कोंद्रिय ही पांढरी वाइन चांगली महाग असूनही बहुधा तिच्या तरुणपणीच पितात.

‘विंटेज’ या शब्दाने तर मराठीत मोठाच गोंधळ केला आहे. विंटेज मोटारीमुळे त्याचा अर्थ ‘जुने’ असा रूढ झाला; बाटलीवर मात्र ते केवळ द्राक्षे तोडल्याचे वर्ष असते, म्हणून 2023 ची वाइनही विंटेजच. (नाशिकला वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, वर्ष तेच असले तरी आपली बाटली काही महिन्यांनी थोरली.) ‘रिझर्व्ह’चेही तसेच. स्पेनमध्ये तांबड्या ‘रेसेर्व्हा’ वाइनला किमान तीन वर्षे, त्यांपैकी किमान एक वर्ष ओकच्या पिंपात, ठेवण्याचे कायद्याचे बंधन आहे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात हाच शब्द कोणीही चिकटवू शकतो. ‘ड्राय’चे, म्हणजे गोडवा नसलेल्या वाइनचे, ‘कोरडी’ हे भाषांतर तर वाचवत नाही. आम्ही इंदूरकर हिंदीच्या संगतीने बिनसाखरेच्या चहाला ‘फिका’ म्हणतो, पण पुणेकराला तो पाणचट वाटेल. तेव्हा ‘अगोड’ बरा.

आक्षेप : ‘साठवणीची’ या शब्दातून टिकणे कळते, सुधारणे कळत नाही. साठवणीचे पापड टिकतात, पण मुरत नाहीत.

उत्तर : आक्षेप मान्य आहे. मग आपल्या क्रियापदाच्या प्रयोजक रूपाचाच आधार घेऊ. पोर्ट या गोड, मद्यार्क मिसळलेल्या पोर्तुगीज वाइनचे दोन प्रकार पाहावेत. ‘टॉनी’ पोर्ट उत्पादकानेच लाकडी पिंपात वर्षानुवर्षे ठेवलेली असते, बाटलीवर 10 किंवा 20 वर्षे असे वय लिहिलेले असते आणि घरी ठेवून तिच्यात फारशी भर पडत नाही, ती ‘मुरवलेली’. ‘विंटेज’ पोर्ट दोनेक वर्षांतच बाटलीत भरतात आणि पुढची वीस-तीस वर्षे ती बाटलीतच घडत राहते, ती ‘मुरणारी’. भाच्याच्या लग्नाच्या रौप्यमहोत्सवासाठी ही दुसरी घ्यावी, मात्र तिला बारा-चौदा अंश सेल्सिअसची स्थिर थंड जागा लागते. इंदूरच्या मे महिन्यात माळ्यावर ठेवलेली बाटली मुरत नाही, शिजते.