लांब पल्ल्याच्या तिकिटावर विमानाचं मॉडेल बंधनकारक हवं की नको?

गोदाकाठ
आईबाबांना रात्री टॅक्सीने मुंबईला नेलं, पुढे अमेरिका. आईच्या पायांना सूज येते, म्हणून जास्तीचे पैसे भरून ड्रीमलायनरमधली (बोइंग 787) आयल सीट घेतली होती. काउंटरवर कळलं, विमान बदललंय. नव्यात एका ओळीत नऊऐवजी दहा सीट आणि आई नेमकी मधे. सीटचे पैसे परत आले, पण अख्खी रात्र ती अवघडून बसली.

प्रश्न फक्त सीटचा नाही. 787 आणि एअरबस ए350मध्ये केबिनचा दाब साधारण 6,000 फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात, जुन्या विमानांत ही उंची 8,000 फुटांपर्यंत जाते. म्हणजे हवा आणखी विरळ, आणि वयस्कर माणसाला हा फरक जाणवतो. बिझनेसमधून इकॉनॉमीत ढकललं, तर डीजीसीएच्या (सरकारी विमान वाहतूक नियामक) 2023च्या नियमाने 3,500 किमीवरच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला तिकिटाचे 75 टक्के परत मिळतात. मॉडेल बदललं तर काहीच नाही. माझं मत: मॉडेल तिकिटावर छापा, आणि बदललंत तर तारीख फुकट बदलू द्या किंवा पूर्ण पैसे परत करा.

ओझरकर
ताई, आईंना झालेला त्रास वाचून वाईट वाटलं. तरीही बंधन नको. माझी नोकरी विमान देखभालीत गेली, तेवढ्यावरून सांगतो. कुठल्या मार्गाला कुठलं मॉडेल, हे महिनोन्‌महिने आधी ठरतं. त्यातलं नेमकं कुठलं विमान उडणार, हे अगदी तोंडावर. इंजिनाला पक्षी धडकला की एकेक ब्लेड तपासल्याशिवाय आम्ही सही करत नाही, मग खाली चारशे माणसं खोळंबलेली असोत. त्या वेळी तेच मॉडेल मुंबईत मोकळं उभं असेलच असं नाही. शिवाय वैमानिकही मॉडेलनुसार: बोइंग 777चा वैमानिक ए350 उडवू शकत नाही. पूर्ण परताव्याची टांगती तलवार ठेवलीत, तर कंपनी सरळ फ्लाइट रद्द करेल.

द्राक्षबाग, पिंपळगाव
ओझरकरकाकांना अनुमोदन, आणि एक भर: विमान बदललं की मालही अडतो. एकाच 777 घराण्यात 200एलआर साधारण 15,800 किमी जातं, 300ईआर 13,600च्या आसपास. मुंबई–सॅन फ्रान्सिस्को सरळ रेषेत साडेतेरा हजारांच्या घरात. कागदावर दोन्ही पोचतात. पण समोरून वारा आला, एखाद्या देशाचं आकाश बंद म्हणून वळसा पडला, वर राखीव इंधन धरलं, की 300ईआरला वजन कमी करावं लागतं. आधी पोटातला माल उतरतो, मग सीट रिकाम्या ठेवतात. नुसतं इंधन वाढवूनही भागत नाही: जास्तीच्या इंधनातलं तासाला 3-4 टक्के ते वाहून नेण्यातच जळतं. सिंगापूर एअरलाइन्सने न्यूयॉर्कसाठी ए350-900यूएलआर (अति लांब पल्ल्याचं मॉडेल) घेतलं, त्यात 1,65,000 लिटर इंधन मावतं आणि सीट फक्त 161, इकॉनॉमी नाहीच. आमची द्राक्षं बोटीने जातात म्हणून ठीक. फुलं पाठवणाऱ्याचा माल असा ऐन वेळी विमानतळावरच राहिला, तर त्याने कोणाकडे दाद मागायची?

सातपूर एमआयडीसी
फुलवाल्यालाही भरपाई हवीच की! मी ताईंच्या बाजूने. बिघाड झाला म्हणून विमान बदललं, तर समजू शकतो. तिकिटं कमी खपली म्हणून लहान विमान लावलं, तर तो धंद्याचा हिशेब झाला, त्याचा भुर्दंड प्रवाशाने का सोसायचा? आणि दोन्ही वेळा मेसेज एकच येतो: ‘ऑपरेशनल कारणास्तव’.

ओझरकर
ही फोड करणार कशी? दिल्लीत एक विमान नादुरुस्त झालं की लंडनचं तिकडे जातं, मुंबईचं लंडनला लागतं. तिसऱ्या विमानातल्या प्रवाशाला सांगायचं कारण बिघाड की धंदा?

गोदाकाठ
काका, बिघाडाची नोंद टेक लॉगमध्ये (विमानाच्या देखभालीची नोंदवही) तारीख-वेळेसह होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. साखळी कुठून सुरू झाली ते दाखवा, आम्ही मान्य करू. फ्लाइट रद्द झाल्यावर कारण कंपनीच्या हाताबाहेरचं होतं का, हे आजही बघतातच ना? तोच निकष इथे लावा. आणि तिकडे टेक लॉग उघडायचा नसेल, तर निदान तारीख फुकट बदलू द्या. आईला मी नाशिकला परत आणलं असतं, आठवड्याने पाठवलं असतं.

ओझरकर
फुकट तारीख बदलायला माझी हरकत नाही. पूर्ण परताव्याला आहे, आणि राहील.