इंडक्शन एक्स्टेन्शनवर लावलंय, एमसीबी पडत नाही पण प्लग तापतो. चालेल का?

सायली_कोथरूड:
आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, इमारत १९८९ ची. किचनमध्ये पॉवर पॉइंट एकच, तो फ्रिजने अडवलाय. ओट्यावर एक छोटा पॉइंट आहे, तो मिक्सरचा. मार्चमध्ये २००० वॅटचं इंडक्शन घेतलं. त्याचं टॉप जाड पिनांचं, म्हणून कन्व्हर्टर लावून चार सॉकेटच्या एक्स्टेन्शनमध्ये घातलं आणि ती एक्स्टेन्शन हॉलमध्ये टीव्हीच्या बोर्डवर. वायर पाच मीटर. सासूबाईंचा पाय अडकू नये म्हणून ती पायपुसण्याखालून नेलीय.

गेले चार-पाच दिवस संध्याकाळी घरात मासळीसारखा वास येतो. आमच्याकडे मासे होत नाहीत, त्यामुळे मला तो खालच्यांकडचा वाटत होता. काल सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा वास आपल्याच घरात आहे." शोधत गेले तर कन्व्हर्टर चटका बसेल इतका गरम आणि एक्स्टेन्शनचं एक सॉकेट पिवळं पडलेलं. पण एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) एकदाही पडला नाही. त्या लाइनचा एमसीबी १६ अँपिअरचा आहे. म्हणजे लोड झेपतोय असं समजायचं का?

निखिल_ठाणे:
लोकल एक्स्टेन्शन असेल. चांगल्या कंपनीचा स्पाइक गार्ड (व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारी एक्स्टेन्शन) घ्या, त्यात फ्यूज पण असतो. आमच्याकडे दहा वर्षं चालतोय.

वायरमन_सातारा:
ताई, आधी ते इंडक्शन बंद करा, प्लग काढून ठेवा आणि मग पुढचं वाचा. तो मासळीचा वास सॉकेटच्या प्लास्टिकचा आहे. काही प्रकारचं प्लास्टिक तापून करपायला लागलं की अगदी तसाच वास सुटतो. चौतीस वर्षं वायरिंगचं काम केलंय, या वासामागे जाऊन कितीतरी बोर्ड उघडलेत. तुमच्या सासूबाईंचं नाक अगदी बरोबर आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा.

आता हिशेब बघा. २००० भागिले २३० म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. तुमच्या एक्स्टेन्शनची सॉकेटं बारीक पिनांची, म्हणजे ६ अँपिअरची. साडेतेराशे-चौदाशे वॅट ही त्यांची शेवटची हद्द. वायरीवर बारीक अक्षरं छापलेली असतात, ती वाचा. बहुतेक ०.७५ स्क्वेअर एमएम निघेल. आणि करंट दीडपट झाला की उष्णता दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. वर तुम्ही ती पायपुसण्याखाली झाकलीत, म्हणजे तापलेल्या वायरीला हवाच नाही. शिवाय रोज त्यावर पाय पडणार, आतली तार तुटत जाणार आणि बाहेरून काही दिसणार नाही.

एमसीबीचं तर नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेक लोक फसतात. तो १६ चा एमसीबी भिंतीतल्या वायरीसाठी बसवलाय. पावणेनऊ अँपिअरला तो का पडेल? त्याच्या लेखी सगळं ठीक चाललंय. तुमची एक्स्टेन्शन किती बारीक आहे हे त्याला कळत नाही. लूज कनेक्शन तर त्याला मुळीच दिसत नाही, कारण तिथे करंट वाढलेला नसतो, फक्त त्या एका जागी उष्णता साठत असते. शॉर्ट झालं तरच तो पडणार, आणि तोवर प्लास्टिक वितळलेलं असतं.

असं करपलेलं सॉकेट मी उघडतो तेव्हा आतली पितळी पट्टी काळी-निळी झालेली असते. ती पट्टी खरं म्हणजे पिनेला चिमट्यासारखी घट्ट धरते. एकदा तापली की तिचा ताण जातो, पकड सैल होते. पकड सैल झाली की आणखी तापते. वायरीचं टोक बोटाने वाकवलं तर वरचं पीव्हीसी बिस्किटासारखं तुटतं. अशी वस्तू टेप गुंडाळून परत वापरू नका. एक्स्टेन्शन आणि कन्व्हर्टर दोन्ही टाकून द्या. टीव्हीच्या बोर्डातलं सॉकेटही वायरमनकडून उघडून बघा, ते नक्की शाबूत असेल असं मी म्हणणार नाही.

निखिलराव, स्पाइक गार्ड टीव्ही-कॉम्प्युटरला जरूर लावा. पण त्याची सॉकेटंही बहुतेक ६ अँपिअरचीच असतात. इंडक्शन, गीझर, इस्त्री, हीटर, ओव्हन अशी तापणारी वस्तू त्यावर नको.

ताईंना खरा उपाय म्हणजे मेन बोर्डापासून ओट्यापर्यंत अडीच स्क्वेअर एमएमची वायर ओढून वेगळा १६ अँपिअरचा पॉइंट, त्याला स्वतःचा एमसीबी आणि नीट अर्थिंग. भिंत फोडावी लागत नाही, केसिंग-पट्टीतून वायर नेता येते. मालकांना हे सांगा. वीजबिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तोही वायरमनला दाखवा.

देवगड_चाकरमानी:
काका, गणपतीत गावी पडवीपर्यंत लाइटच्या माळा आणि फॅन लागतो. त्यासाठी पन्नास फूट वायरीचा रोल आणलाय. माळा आणि फॅन मिळून दोनशे वॅटही होत नाहीत. तेवढं चालेल ना?

वायरमन_सातारा:
लोड छोटा आहे, तेवढ्यासाठी चालेल. पण त्यावर चहाची किटली लावू नका, आणि रोल पूर्ण उलगडूनच वापरा. गुंडाळलेल्या वायरीचे आतले वेढे एकमेकांना तापवतात, जोराचा लोड असला की रोल आतून वितळतो. तुमच्याकडे भाद्रपदातही पाऊस, म्हणून सॉकेटचं टोक पडवीच्या आत आणि जमिनीपासून उंचावर बांधा. मध्ये जॉइंट मारू नका. वायर तीन कोअरचीच (आत अर्थची तिसरी तार असलेली) असू दे. लोक पंख्याच्या टॉपची मोठी पिन कापून दोन पिनांत बसवतात, तसं अजिबात करू नका. ती पिन मुद्दाम लांब असते, टॉप घालताना अर्थ आधी जोडला जावा म्हणून. आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच) नसेल तर गणपतीआधी बसवून घ्या. ओल्या पायाने कोणी वायरीला हात लावला तर तोच लाइन तोडेल, एमसीबी तोडणार नाही.

सायली_कोथरूड:
काका, खूप आभार. लगेच सगळं काढलं. वायरीवर ०.७५ च छापलंय. पायपुसणं उचललं तर मागच्या रबरावर वायरीच्या रेषेत तपकिरी पट्टा उमटलाय, तो बघून हातपाय गार पडले. तिथेच माझी दोन वर्षांची मुलगी खेळत बसते. मालकांना दोन्हीचे फोटो पाठवले, ते पॉइंट काढून द्यायला तयार आहेत. वायरमन रविवारी येतोय. टीव्हीचा बोर्डही उघडायला सांगितलंय. तोवर स्वयंपाक गॅसवर.