टाकी फुल केली की गाडीत पेट्रोलचा वास, घाटात तर जास्तच

शाहूपुरीकर:
नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, ८८ हजार किमी झालेत. दीडेक महिना झाला आत पेट्रोलचा वास येतोय, पण रोज येत नाही हीच पंचाईत. आठवडाभर मी एकटाच पोवई नाक्यावरून एमआयडीसीला जातो-येतो तेव्हा काही नाही, आणि रविवारी सगळी बसून कासला निघालो की यवतेश्वरचा घाट लागला रे लागला की मागून आई म्हणते, अरे कुणी बाटली सांडली का पेट्रोलची. मला पुढं एवढा जाणवत नाही म्हणून मी आधी आईलाच म्हणालो, तुला गाडी लागते म्हणून तसं वाटतंय. मागच्या रविवारी पोराला उलटी झाली आणि बायकोनं सांगून टाकलं की वास गेल्याशिवाय मी या गाडीत बसणार नाही. गॅरेजला दोनदा नेली. पहिल्यांदा टाकीचं झाकण बदललं, मग इंजेक्टर साफ केले, २२०० गेले, वास आहे तिथंच. बोनेट उघडून मीही बघितलं, कुठं ओलं नाही, गाडीखाली थेंब नाही, ॲव्हरेज पण पहिल्यासारखंच. काय असेल?

ऊसवाला:
उंदीर बघ आधी भावा. आमच्या गाडीची पेट्रोलची रबरी नळी उंदरानं कुरतडली होती, उसाची तोड सुरू झाली की रानातले सगळे घराकडं येतात. बोनेटमध्ये लेंड्या दिसतात का बघ.

कुपवाडचा पाना:
उंदरानं नळी खाल्ली असती तर रोज वास आला असता, रविवारची वाट बघत बसला नसता. दोन गोष्टी सांगा. टाकी कधी आणि किती भरता? आणि मागच्या सीटखाली, म्हणजे टाकीच्या बाजूला, अलीकडं काही काम झालंय का?
अजून एक करून बघा. वास येत असताना एसीचा हवा आतल्या आत फिरवायचा खटका दाबा. वास कमी झाला तर तो इंजिनकडून येतोय, कारण बाहेरची हवा समोरच्या काचेच्या खालच्या जाळीतून आत येते. उलट वाढला किंवा मागंच जास्त असला तर मागं शोधा. तोवर गाडीत कुणी सिगारेट ओढू नका आणि बंद शेडमध्ये लावू नका, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साठून राहते.

शाहूपुरीकर:
टाकी दर शनिवारी रात्री फुल करतो, नोझल बंद झालं तरी पंपावरचा पोरगा हिशोब राउंड करायला अजून थोडं घालतो. शुक्रवारपर्यंत पाव टाकी राहते. खटका दाबला तर वास वाढला!! आणि हो, दिवाळीनंतर पेट्रोल फिल्टर बदलला होता. पण तो तर पुढं असतो ना?

कुपवाडचा पाना:
सापडला मग. तुमच्यासारख्या बऱ्याच गाड्यांत फिल्टर टाकीच्या आत, इंजिनाला पेट्रोल पाठवणाऱ्या पंपाबरोबरच असतो. तो बदलायला मागची सीट उचलून पंप वर काढावा लागतो, आणि पंपाखाली जी रबरी रिंग असते ती पेट्रोल पिऊन फुगते. एकदा काढली की परत खाचेत नीट बसत नाही, मग मिस्त्री तीच दाबून बोल्ट आवळतो. टाकी अर्धी असेपर्यंत पेट्रोल तिथवर पोचत नाही, फुल करून चढाला लागलात की सगळं मागं सरकतं आणि पाझरतं. इंजेक्टर साफ करून काय होणार.

निवृत्त_मिरज:
पानासाहेबांशी सहमत, पण राउंड करायचं बंद करा. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि इंजिन चालू असताना ते ती ओढून जाळतं. गळ्यापर्यंत भरलं की पेट्रोलच त्या डब्यात शिरतं आणि कोळसा खराब होतो, मग वेगळाच वास. आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, २०२३ च्या एप्रिलआधीच्या बऱ्याच गाड्यांचं रबर त्या हिशोबानं केलेलं नाही, तेव्हा रिंगबरोबर टाकीला जाणारी रबरी नळीपण बघून घ्या.

ऊसवाला:
म्हणजे इथेनॉल आमच्या उसाचं, आणि आमचाच ऊस आमच्याच गाडीला बाधतोय म्हणायचं 😀

कुपवाडचा पाना:
तुमचा ऊस गुणी आहे, खेळ जुन्या रबराचा आहे. शाहूपुरीकर, काम करायचं तर टाकी पावच्या खाली येऊ द्या. पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाईनमधलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. उघड्यावर करा, आणि आत बघायला साधा लटकता बल्ब घेऊ नका, फुटला तर खेळ खलास. नवी रिंग कोरडी बसवा आणि बोल्ट एकदम एका बाजूनं न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळा.

शाहूपुरीकर:
अपडेट देतो. मिस्त्रीला घरी बोलावून अंगणातच उघडलं. सीट उचलली, खालचं गोल पत्र्याचं झाकण काढलं तर पंपाच्या कडेनं धूळ काळी आणि ओली, बाकी सगळीकडं कोरडी. बोट लावलं तर वास. रिंग बाहेर काढली तर एका जागी चक्क दुमडलेली होती, ताटलीवर ठेवली तर नव्या रिंगपेक्षा करंगळीभर मोठी! नवी २४० ला मिळाली, मजुरी ३००. नळीला बारीक भेगा होत्या म्हणून तीपण बदलली. शनिवारी टाकी भरली, नोझल बंद झाल्यावर पोराचा हात धरला, रात्रभर अंगणात ठेवली आणि सकाळी यवतेश्वर चढून कासला जाऊन आलो. वास नाही. आई मागं बसली होती, पेढ्याच्या दुकानाशी आल्यावर म्हणाली, मला गाडी लागते म्हणालास ते परत घे. घेतलं.

ऊसवाला:
तरी बोनेट उघडून लेंड्या बघच एकदा.