हात थरथरतात, पाऱ्याची नेमकी कोणती टेस्ट करू? (मदत हवी आहे)

मुक्ताई_८: ८ वर्षं डेंटल असिस्टंट आहे. चार महिने बारीक काम करताना हात थरथरतात, झोप नाही, उगाच चिडचिड होते. रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणे. हे पाऱ्यामुळे आहे का? लवकर सांगा, वैतागले आहे.

रानजाई: कुठला रिपोर्ट? थायरॉइड पाहिलं? थरथर त्यानेही होते. दात भरायचं अमाल्गम (पारा आणि चांदीसारख्या धातूंचं मिश्रण) तयार कॅप्सूलचं की हाताने घोटतेस?

मुक्ताई_८: थायरॉइड ठीक. रक्तातला पारा नॉर्मल. अमाल्गम खलात घोटते, जास्तीचा पारा कापडात पिळून काढते.

दंतवैद्य_निवृत्त: मग रक्तावर थांबू नका. रक्तातला आकडा अलीकडचाच संपर्क दाखवतो, शिवाय मासे खाल्ल्याने तो वाढतो. वाफेतला पारा साठतो मूत्रपिंडात, म्हणून लघवीची तपासणी करा, क्रिएटिनिनसकट (लघवी किती पातळ किंवा घट्ट आहे ते त्यावरून कळतं). श्वासातून आलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के शरीरात शोषली जाते. साध्या मास्कने ती अडत नाही.

सुपर्णा: स्वतःच्या दातांतल्या चांदीच्या (अमाल्गमच्या) फिलिंग आधी काढून टाका! मी काढल्या, डोकेदुखी गेली.

दंतवैद्य_निवृत्त: कृपया असं सुचवू नका. चांगली फिलिंग उकरताना उलट वाफ जास्त निघते. यांचा प्रश्न रोजच्या घोटण्याचा आहे.

सुपर्णा: मला फरक पडला म्हणून सांगितलं. युरोपात अमाल्गम बंद केलंय ते उगाच का?

रानजाई: १ जानेवारी २०२५ पासून युरोपियन युनियनमध्ये बंद आहे, खरं आहे. पण त्यामागचं मोठं कारण पर्यावरणातला पारा हे आहे. मुक्ताई, चेहरा उजळणारी क्रीम लावतेस का? काहींत पारा असतो. लघवीत तोही दिसेल.

नील_आकाश: माझ्या मुलाच्या दाढेची पांढरी फिलिंग दोनदा पडली. अमाल्गमच टिकतं, माझं २० वर्षं आहे.

चंदन: डिटॉक्सच्या गोळ्या ऑनलाइन मिळतात. पारा बाहेर पडतो.

दंतवैद्य_निवृत्त: चंदन, पारा काढणारी औषधं आकडा आणि लक्षणं पाहून डॉक्टरच देतात. संपर्क तसाच राहिला तर औषध घेऊन काय उपयोग? संपर्क थांबला की शरीरातला पारा साधारण दोन महिन्यांत निम्मा होतो.

मुक्ताई_८: क्रीम नाही लावत. एक सांगायचं राहिलं. जानेवारीत पाऱ्याची बाटली फुटली, खोली एसीची. व्हॅक्यूमने ओढून घेतला. तोच व्हॅक्यूम रोज वापरतो.

दंतवैद्य_निवृत्त: ताई, तो आजपासून लावू नका! आतला पारा हवेच्या झोताने पुन्हा पुन्हा वाफ होऊन खोलीत पसरतो. पिशवीत घट्ट बांधून खोलीबाहेर ठेवा, कचऱ्यात टाकू नका. खिडक्या उघडा. फटींतले थेंब ड्रॉपरने वेचा, उरलेल्यावर गंधकाची भुकटी टाका. तिथे आणखी कोण काम करतं? त्यांचीही लघवी तपासून घ्या.

मुक्ताई_८: आम्ही तिघी आहोत. एक जण पाच महिन्यांची गरोदर आहे. तिला आत्ता फोन करते.